खुर्ची उलटी करून पाहा

संपादकांची अट एकच होती. जुन्या लाकडी खुर्च्यांवर लिहा, पण मुंबईच्या चोरबाजारात जाऊ नका. तिथं सगळेच जातात. म्हणून कुही. नागपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. इथं एक मिस्त्री मोडक्या खुर्च्या घेतात, नीट करतात आणि विकतात. शेडमध्ये शिरताच मी एका हातवाल्या खुर्चीचं कोरीवकाम निरखू लागलो, तर ते हसले.

"तोंड काय पाह्यता भाऊ? समोरून सगळ्याच सायबाच्या वाटतेत. उलटी करा न तिले."

उलटी केली. पॉलिशवाल्याचा हात खालपर्यंत सहसा पोचत नाही, त्यामुळे खरं लाकूड तिथं दिसतं. करवतीच्या खुणा सरळ, थोड्या कमीजास्त तिरप्या असतील तर हाताची करवत. कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गिरणीतली गोल करवत. मिस्त्रींची बोटं खाचेत बसवलेल्या कुसांवरून फिरतात, लाकडी खुंटी चाचपतात, मग स्क्रूकडे वळतात. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू 1930 नंतरचा, म्हणजे एकतर खुर्ची तितकी जुनी नाही किंवा मधे कोणीतरी ती दुरुस्त केलेली आहे. खरादावर काढलेला गोल पायही बोलतो. लाकूड वर्षानुवर्षं आडवं आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही : वलयांच्या दिशेनं जास्त, गाभ्याच्या दिशेनं कमी. म्हणून जुना पाय मापून पाहिला तर किंचित लंबगोल निघतो. नकली जुनेपणाला हे सहजी जमत नाही.

लाकूड ओळखणं त्यांना सर्वांत सोपं. सागवानाचा तेलकट वास रंधा मारताच येतो, बिजा ओला झाला की पिवळसर डाग सोडतो, शिवण हाताला हलकी लागते. बैठक वेताची असेल तर चौकटीभोवतीची भोकं पाहायची. भोकाभोकातून ओवलेला वेत म्हणजे हाताची विणाई. चौकटीत चर पाडून तयार जाळी दाबून बसवलेली असेल तर काम अलीकडचं.

पण मला खिळवून ठेवलं ते मागच्या आडव्या पट्टीवरच्या पुसट पांढऱ्या अक्षरांनी : बी. एन. आर. म्हणजे बेंगाल नागपूर रेल्वे. 1908 मध्ये नागपूर–नागभीड ही अडीच फुटी लाइन सुरू झाली, कुही तिच्यावरचं स्टेशन. ती छोटी गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. बी. एन. आर. हे नाव 1952 मध्ये गेलं, 1955 पासून दक्षिण-पूर्व रेल्वे आली, 2003 मध्ये दक्षिण-पूर्व-मध्य. तेव्हा ही अक्षरं 1952 नंतर रंगवली जाण्याचं कारणच नाही. खुर्ची त्याहून जुनी असू शकते, नवी नाही.

सरकारी खुर्च्यांचंही तसंच. नागपूर हे 1950 पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडचं, मग 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशचं राजधानीचं शहर होतं. पुढची चार वर्षं ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि 1960 पासून महाराष्ट्रात आहे. एखाद्या खुर्चीवर 'एम. पी.' दिसलं की गिऱ्हाईक म्हणतं, ही भोपाळची. असेलही, पण ती नागपुरातल्याच कचेरीत बसून म्हातारी झालेली असण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट मात्र मला बोचते. या अक्षरांत मालकाचं नाव असतं, करणाऱ्याचं कधीच नसतं. मिखाएल थोनेटची 1859 सालची वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची '14 नंबर' खुर्ची व्हिएन्नाहून जगभर गेली. तिच्या बैठकीच्या कडेला आतून कारखान्याचा शिक्का किंवा चिठ्ठी सापडते. आपल्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या खुर्च्या त्याच कुळातल्या. 1869 मध्ये पेटंट संपल्यावर इतर कारखान्यांनीही त्या काढल्या, पण आपापल्या नावानं. आणि आपला सुतार? नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कैदी सुतारकाम करत आले आहेत. त्यांच्या हातच्या वस्तूवर त्यांचं नाव शोधायचं कुठं?

मालकाच्या अक्षरांनाही आता भाव आला आहे, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. चंदीगडसाठी वास्तुकार पियेर जाँनरे यांच्या देखरेखीखाली 1950 च्या दशकात बनलेल्या सागवान-वेताच्या खुर्च्या कचेऱ्यांनी भंगारात काढल्या आणि परदेशी लिलावांत त्या प्रचंड किमतीला गेल्या. पाठीवर रंगवलेले खात्याचे नंबर तिथं अस्सलपणाचा दाखला ठरले. पुढे नकला आल्या, आणि नकलांवर नंबरही आले. स्टेन्सिल आणि पांढरा रंग मिळायला कितीसा वेळ लागतो?

त्याहून अवघड प्रकार म्हणजे जुन्या लाकडाची नवी खुर्ची. पाडलेल्या वाड्याची तुळई चिरून पाय केले, तर लाकूड शंभर वर्षांचं, वासही खरा, खुर्ची मात्र गेल्या दिवाळीची. तिसरा प्रकार, दोन मोडक्यांची मिळून एक. मिस्त्री स्वतः अशा करतात आणि लपवत नाहीत. "पाय एकीचे, पाठ दुसरीची. बसाले मजबूत आहे न?" हा प्रश्न खोडून काढणं मला जमलं नाही.

सगळ्यांत मोठं नुकसान मात्र प्रामाणिक माणसं करतात. घरातली आजोबांची खुर्ची चकचकीत व्हावी म्हणून ती घासायच्या मशीनखाली जाते. वरची लाख, खालची अक्षरं, रंध्याच्या खुणा, सगळं एका दुपारी भुकटी होतं. खुर्ची छान दिसते, पण ती कुठली, कधीची, हे मग तिच्यावरून कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा घरची जुनी खुर्ची पॉलिशला देण्याआधी उलटी करा, खालचे फोटो काढा, ती कुणी कुठून आणली हे थोरांना विचारून लिहून ठेवा, आणि कारागिराला बजावा : खालच्या बाजूला हात लावायचा नाही.