पिशवीची गाठ आणि दुखण्याचे माप

पिंपरीहून निगडीकडे जा, नाहीतर भोसरीवरून नाशिक रस्त्याने चाकणला जा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे कारखाने लागतात, त्यांच्या पोटात दिवसरात्र एक काम चाललेले असते. ते म्हणजे मोजण्याचे. कुठे व्हर्नियरच्या जबड्यात शाफ्ट धरलेला असतो, कुठे मायक्रोमीटर फिरत असतो. गेजमधून भाग गेला तर पास, अडकला तर बाद! मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शासाठी येथे शहाणीसुरती माणसे तासन् तास हुज्जत घालतात.

आणि याच माणसांच्या घरात आई, बायको, बहीण महिन्यातले आठ-आठ दिवस पोट धरून वावरत असते. तिला विचारा, "किती त्रास होतो गं?" उत्तर ठरलेले: "होतो थोडाफार. बायकांच्या जातीला आलंच ते." थोडाफार! लोखंडाच्या तुकड्याला जे माप आपण कधी चालवून घेणार नाही, ते घरातल्या बाईच्या दुखण्याला मात्र बिनदिक्कत चालते.

गाठ लहान, त्रास महान

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या गाठींना डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात. आपल्याकडे "पिशवीला गाठ आहे" एवढे कानांवर पडले की घरात रडारड सुरू होते, कारण गाठ म्हणजे कर्करोग असे समीकरण मनात पक्के बसलेले असते. ते खरे नाही. या गाठी कर्करोगाच्या नसतात; कर्करोगाची गाठ निघाल्याचे उदाहरण अगदी विरळा. उलट त्या इतक्या सर्रास आढळतात की, अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत पन्नाशीपर्यंत शंभरातील सत्तरांहून अधिक स्त्रियांना त्या असल्याचे दिसून आले. त्यांतल्या पुष्कळजणींना त्याचा पत्ताही नसतो. पाळी कायमची थांबली की गाठी बहुधा आपोआप आकसतात.

मग त्रास कोणाला होतो? सोनोग्राफीच्या कागदावर गाठीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते, पण त्या आकड्यावरून याचे उत्तर मिळत नाही. गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला लागलेली लिंबाएवढी गाठ वर्षानुवर्षे गुपचूप पडून राहील. आतल्या अस्तराशी असलेली बोराएवढी गाठ बाईच्या अंगातले रक्त महिन्याच्या महिन्याला उपसून काढील. कोणाला मूत्राशयावर दाब येऊन रात्रीतून चारदा उठावे लागते, कोणाची कंबर धरते. गाठीचे माप एक आणि दुखण्याचे माप दुसरे!

रक्त किती गेले?

शास्त्रज्ञांनी आधी सरळ मार्ग धरला. गेलेले रक्तच मोजले. पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते. ऐंशीच्या वर गेले, म्हणजे टपरीवरचा कटिंग चहाचा ग्लास भरेल एवढे, तर ते अति, असे १९६६ साली स्वीडनमधील संशोधनाने ठरवले. पुढे १९९० साली इंग्लंडमध्ये चित्रांचा एक तक्ता निघाला. घडी कितपत भिजली, गुठळ्या पडल्या का, हे चित्राशी ताडून बाईने खुणा करायच्या आणि गुण मांडायचे.

हे सारे उपयोगाचे खरे. पण एकीला सत्तर मिलिलिटरने चक्कर येते, दुसरी नव्वदातही उभी असते. पहिलीला "तुमचे प्रमाणात आहे" म्हणून घरी पाठवायचे काय? अखेर २००७ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने व्याख्याच बदलली. ज्या रक्तस्रावाने बाईच्या शरीराचे, मनाचे, समाजातल्या वावराचे आणि रोजच्या व्यवहाराचे स्वास्थ्य बिघडते, तो अति. म्हणजे निवाडा मोजपात्राकडून काढून बाईच्या हाती दिला!

परिणामावरून माप

यावर कोणी म्हणेल, ही तर भावनेची भाषा झाली. शास्त्रात असे चालते का? चालते, आणि त्याचा दाखला पिंपरीतच आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिनच्या कुप्या देशभर जाऊ लागल्या. त्या पेनिसिलिनचे माप लाख युनिटांत सांगत. हे युनिट मुळात आले कोठून? ऑक्सफर्डच्या संशोधकांजवळ सुरुवातीला शुद्ध औषधच नव्हते, मग वजन कशाचे करणार? तेव्हा त्यांनी जंतूंच्या थरावर औषध ठेवले आणि किती रुंदीच्या वर्तुळात जंतूंची वाढ थांबते ते पाहून युनिट ठरवले. जे तराजूत मावत नाही, त्याचे माप त्याच्या परिणामावरून घ्यायचे.

दुखण्याचेही तसेच. २००२ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातील डॉ. जेम्स स्पाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रॉइडच्या रुग्णांसाठी ३७ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पहिले आठ प्रश्न लक्षणांचे: रक्तस्राव, गुठळ्या, ओटीपोटातला दाब, दिवसा-रात्री लघवीला उठणे, थकवा वगैरे. उरलेले २९ जगण्याचे. कपडे खराब होतील अशी धास्ती वाटते का? प्रवास टाळता का? चिडचिड होते का? आपल्या अंगावर आपला ताबा उरला नाही असे वाटते का? पतिपत्नीच्या संबंधांवर परिणाम झाला का? मागच्या तीन महिन्यांचा विचार करून प्रत्येक प्रश्नाला पाचांपैकी एक उत्तर द्यायचे.

हिशेब घरी मांडण्याइतका सोपा आहे. लक्षणांच्या आठ प्रश्नांना एक ते पाच गुण, म्हणजे बेरीज कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ४०. एखादीची बेरीज २४ आली, तर त्यातून ८ वजा करायचे. उरलेल्या १६ ला ३२ ने भागून शंभराने गुणायचे. उत्तर ५०. हा आकडा जितका मोठा तितका त्रास मोठा. जगण्याच्या प्रश्नांत मात्र उलट: आकडा मोठा, तितके जगणे सुखाचे.

गेजचीही तपासणी

गुणवत्ता विभागात काम करणारा वाचक येथे विचारील, "पण हे गेज खरे कशावरून?" प्रश्न रास्त आहे. प्रश्नावलीलाही कारखान्यातल्यासारख्याच कसोट्या लावतात. प्रकृतीत फरक पडला नसताना त्याच बाईला थोड्या दिवसांनी पुन्हा विचारले, तर आकडा जवळपास तोच यावा. गाठी असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांचे आकडे वेगळे यावेत. उपचाराने बरे वाटले, तर आकडा हलावा.

एका भाषेत पास झालेले गेज दुसऱ्या भाषेत आपोआप पास होत नाही. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी या प्रश्नावलीचे चिनी भाषांतर करून त्याची पडताळणी २०१९ साली प्रसिद्ध केली. अशा कामात एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवून पाहायचे, मग रुग्ण स्त्रियांपुढे ठेवायचे, अशी पद्धत असते. अमेरिकेतल्या बाईला जे सहज विचारता येते, ते चिनी बाईला तसेच विचारून भागत नाही.

मराठी बाईला तर नाहीच! आपल्याकडे "पाळी" हा शब्दसुद्धा अलीकडचा धीट. कोणी "अडचण" म्हणते, कोणी "कावळा शिवला" म्हणते, कोणी नुसतीच "बाहेरची" असते. "अतिरक्तस्राव होतो का?" या प्रश्नाला जी मान हलवील, तीच "अंगावरून फार जातं का?" म्हटल्यावर तासभर बोलेल. "मागच्या तीन महिन्यांत" म्हणण्यापेक्षा "नागपंचमीपासून दिवाळीपर्यंत" म्हटलेले आजीला चटकन उमगते. आणि आपल्या भाषेत एक शब्दप्रयोग असा आहे की, त्यात सगळी कहाणी येते: दुखणे अंगावर काढणे. या सवयीच्या बाईला "त्रास होतो का?" विचारून काय कळणार? "त्या दिवसांत कोणते काम सोडावे लागले?" असे विचारावे.

चाकणच्या पट्ट्यात तर हा प्रश्न फारच बोलका ठरेल. पहाटे कंपनीची बस गाठायची, लाइनवर उभ्याने काम करायचे, आणि उठायचे तर जागेवर दुसरे माणूस मिळेपर्यंत थांबायचे. जिला दर तासाला घडी बदलावी लागते, तिचा प्रत्येक तास कसा जात असेल, हे सोनोग्राफीच्या कोणत्या कागदावर लिहिलेले असते? वर अंगात रक्त कमी. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले.

माप नसले की काय होते

पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत मराठवाड्यातून पोटासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या गावाकडची, बीड जिल्ह्याची हकीकत २०१९ साली साऱ्या देशाने वाचली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीसमोर आलेल्या माहितीनुसार, पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा! देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन. दोन्ही आकड्यांचे वयोगट अगदी सारखे नसतील, तरी तफावत डोळ्यांत भरते.

या साऱ्याजणींना फायब्रॉइड होते असे नव्हे. फडात आडोसा नाही, पाणी नाही, एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. पोटात दुखते म्हणून डॉक्टरकडे जावे, तर "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला तयार. किती दुखते, कशाने दुखते, दुसरे काही करून थांबेल का, हे नीट मोजले कोणी? पिशवीबरोबर बीजकोशही तरुणपणी काढले, तर हाडे ठिसूळ होणे, हृदयविकार यांचा धोका वाढतो. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ साली आली आणि ती राज्यांनी अमलात आणावीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये बजावले.

शस्त्रक्रिया वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. एखादीला तीच पुनर्जन्म देते. पण रक्तस्राव आवरणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन, फक्त गाठ काढणे, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणे असे इतर मार्गही आहेत. कोणता कोणाला, हे ठरवायला त्रासाचे माप लागते.

तीन महिन्यांची वही

हे माप घरच्या घरी सुरू करता येईल. दुधाच्या हिशेबाची असते तशी एक वही घ्या. पाळी कधी आली, कधी गेली. दिवसाला घड्या किती लागल्या. गुठळ्या पडल्या का. रात्री किती वेळा उठलात. रजा किती पडल्या. आणि कोणते काम, कोणता कार्यक्रम, कोणता प्रवास राहून गेला, एवढे लिहा. तीन महिन्यांनी ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहेच. हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि मोकळेपणाने विचारा: गाठ नेमकी कोठे आहे? माझा त्रास तिच्यामुळेच आहे का? औषधाने भागेल का? काही न करता थांबले तर काय होईल?

मात्र वही म्हणजे निदान नव्हे. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले, किंवा एकदम फार जाऊन घेरी येऊ लागली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरातल्या पुरुषांनीही ही वही चाळायला हरकत नाही. दिवाळीच्या चार दिवसांत पहाटेच्या अभ्यंगापासून चकलीच्या शेवटच्या घाण्यापर्यंत जी उभी असते, ती "थोडाफार" म्हणाली तर तेवढ्यावर समाधान मानू नये. कारखान्यात आपण कोणाच्या अंदाजावर भाग पास करीत नाही. घरीही एकदा नीट विचारावे, आणि ती सांगेल तो आकडा खरा धरावा.