उलट फिरणारे इंजिन: मेसरश्मिट केआर २००

महायुद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीत मोटार ही सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती. मोटारसायकल परवडे, पण पाऊस आणि बर्फ यांपुढे तिचा स्वार हतबल होई. या दोहोंमधल्या जागेत जी अतिलहान वाहने अवतरली, ती पुढे मायक्रोकार म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यांना कायद्याचाही आधार मिळाला, कारण १ डिसेंबर १९५४ पूर्वी काढलेल्या चौथ्या वर्गाच्या परवान्यावर २५० सीसीपर्यंतचे वाहन चालवता येत असल्याने अनेकांना नवी परीक्षा न देता छपराखाली बसता आले. बीएमडब्ल्यूने इटलीतील इसो कंपनीच्या परवान्याने १९५५ पासून बनवलेली, समोरून दार उघडणारी इसेटा यांतली सर्वांत परिचित. परंतु या वाहनप्रकाराचा विचार सर्वांत निष्ठेने शेवटापर्यंत नेला तो मेसरश्मिट केआर २०० या तीनचाकी गाडीने.

तिचा निर्माता फ्रिट्झ फेंड हा मूळचा विमान अभियंता. युद्धानंतर त्याने रोझेनहाइम येथे अपंगांसाठी ‘फ्लिट्झर’ नावाची लहान तीनचाकी गाडी बनवली, आणि धडधाकट माणसेही ती मागू लागल्यावर अधिक मोठ्या उत्पादनासाठी तो विमाननिर्माता विली मेसरश्मिटकडे गेला. विमाने बनवण्यास बंदी असल्याने मेसरश्मिटच्या कंपनीलाही कामाची गरज होतीच. रेगेन्सबुर्ग येथील कारखान्यातून १९५३ मध्ये केआर १७५ आणि १९५५ मध्ये केआर २०० बाहेर पडली. नावातील ‘केआर’ ही ‘काबिनेनरोलर’ म्हणजे बंदिस्त स्कूटर या शब्दाची आद्याक्षरे होत. युद्धातून उरलेल्या लढाऊ विमानांच्या काचा या गाड्यांना बसवल्या, ही समजूत निराधार आहे. विमानाचा वारसा काचेत नव्हता, हिशेबात होता. दोन माणसे शेजारी न बसवता एकामागे एक बसवली की गाडी अरुंद होते, हवेचा अडथळा घटतो आणि लहान इंजिनही पुरते, हे फेंडने ओळखले होते. म्हणूनच सुमारे १.२२ मीटर रुंदीची आणि २३० किलो वजनाची ही गाडी अवघ्या दहा अश्वशक्तीवर ताशी ९० किलोमीटरपर्यंत पोहोचे. सुकाणूसाठी चाकाऐवजी ऑटोरिक्षासारखा दांडा होता, आणि तो किंचित हलवताच पुढची दोन्ही चाके वळत.

या गाडीतील सर्वांत अभ्यसनीय भाग मात्र मागच्या आसनामागे, एकमेव मागच्या चाकाच्या पुढे, दडलेला आहे. फिख्टेल उंड झाक्स कंपनीच्या १९१ सीसीच्या एक सिलिंडरी, टू-स्ट्रोक इंजिनाला जोडलेल्या गिअरपेटीत चार गिअर होते आणि त्यांत मागे जाण्याचा एकही नव्हता. तरीही गाडी मागे जाई, कारण मुळात इंजिनच उलट फिरवले जाई. अशा लहान टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. वर-खाली होणारा दट्ट्याच सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो आणि झाकतो, आणि या खिडक्यांची वेळ दोन्ही दिशांना सारखीच पडत असल्याने इंजिनाला कोणत्याही दिशेने फिरण्यास अडचण नसते. दिशेवर अवलंबून असते ती केवळ ठिणगी, जी दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याच्या जरा आधी पडावी लागते. त्यासाठी ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची दुसरी जोडी उलट फेऱ्यासाठी बसवली होती, आणि डायनॅमो व स्टार्टर या दोहोंचे काम करणारे एकच यंत्र विजेचा प्रवाह बदलून उलट फिरवले जाई. चालकाने इंजिन बंद करायचे, ते पूर्ण थांबू द्यायचे, किल्ली नेहमीपेक्षा खोल दाबायची आणि पुन्हा सुरू करायचे. मग चारही गिअर मागे जाण्यासाठी मोकळे. एक दंतचक्र वाचवण्यासाठी इंजिनाच्या मूळ स्वभावाचाच उपयोग करून घेणारी ही योजना पाहता, या गाडीला खेळणे म्हणणे हा अन्याय आहे.

अडचणी मात्र याच काटकसरीतून उपजल्या. पॉइंटच्या दोन जोड्या स्वतंत्रपणे जुळवाव्या लागतात, आणि एक झिजली तर पुढे सुरळीत धावणारे इंजिन मागे जाण्यास नकार देते. अरुंद जागेत गाडी लावताना प्रत्येक मागेपुढे होण्याला इंजिन थांबवून पुन्हा सुरू करावे लागत असल्याने बॅटरीवर ताण येतो. पारदर्शक प्लेक्सिग्लासच्या घुमटाखाली उन्हाळ्यात बसणे कठीण, त्यावर ओरखडे सहज पडतात, आणि तो उजव्या कडेवर बिजागरीने जोडलेला असल्याने जर्मनीत प्रवाशाला डावीकडे, म्हणजे वाहत्या रहदारीच्या बाजूला, उतरावे लागे. परंतु गाडीचा घात यांतल्या कशानेही केला नाही. केआर २०० ची किंमत सुमारे २५०० मार्क होती आणि फोक्सवागेनच्या साध्या मोटारीची ३७९० मार्क. पगार वाढू लागले तसा हा फरक कुटुंबांना सोसवू लागला, आणि जिच्यात मुले शेजारी-शेजारी बसतात ती चारचाकी अधिक शहाणपणाची ठरली. विमाने बनवण्याची मुभा मिळताच १९५६ मध्ये मेसरश्मिटने या धंद्यातून अंग काढले. फेंडने भागीदारासह एफएमआर ही कंपनी काढून उत्पादन चालू ठेवले, तरी १९६४ मध्ये केआर २०० थांबली.

लहान गाडीत काटकसर कशी साधावी, हा प्रश्न आज विजेच्या लहान गाड्यांपुढेही उभा आहे. इसेटाची आठवण करून देणारी, इटलीतील तुरिन येथे बनणारी मायक्रोलिनो मागे जाण्यासाठी मोटरचीच दिशा बदलते, त्यामुळे फेंडची युक्ती तिथे विनासायास साधते. मात्र बॅटरीसह तिचे वजन केआर २०० च्या दुपटीहून अधिक भरते.