वारा लहान होत नाही

मीटरभर लांब आणि वीतभर रुंद अशी एक बोट दोन्ही हातांनी उचलली, की सगळा भार खाली कुठेतरी एकवटल्यासारखा वाटतो. फायबरग्लासचं अंग अगदीच हलकं. शिडांना तर वजनच नाही म्हणा ना. पण पोटाखालून एक अरुंद पातं सरळ खाली गेलेलं असतं आणि त्याच्या टोकाला शिशाचा लांबट, दोन्हीकडे निमुळता गोळा. अख्खी बोट चार किलोची, आणि त्यातलं अडीच किलोपर्यंत वजन या तळाशी. राहिलेल्या दीड किलोत अंग, डोलकाठी, शिडं, सुकाणू, बॅटरी आणि रेडिओ हे सगळं बसवायचं.

ही ‘इंटरनॅशनल वन मीटर’ वर्गाची बोट. हा वर्ग १९८८ मध्ये ठरला आणि आज जगभरच्या तळ्यांवर तो दिसतो. इंग्लंडमधल्या एखाद्या गावच्या सेलिंग क्लबात सुट्टीच्या सकाळी दहा-पंधरा माणसं गाडीच्या डिकीतून अशा बोटी काढतात, डोलकाठ्या उभ्या करतात, गळ्यात रिमोट अडकवतात आणि तळ्याकाठी उभी राहतात. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, आजोबा लोक खेळण्यांशी खेळतायत. जवळ गेलं की कळतं, ही खेळणी नाहीत आणि मोठ्या बोटींच्या छोट्या प्रतिकृतीही नाहीत. प्रतिकृती केली असती तर ती काठावरून सोडल्या सोडल्या आडवी झाली असती.

का, ते नीट पाहण्यासारखं आहे. दहा मीटरची एक शिडाची बोट घ्या आणि तिची दहापट लहान, अगदी हुबेहूब नक्कल करा. शिडाचं क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं. शिडाची उंची दहापट कमी होते. म्हणजे तोच वारा तिला जेवढा कलवू पाहतो, तो जोर हजारपट घटला. इथवर ठीक. पण बोटीला पुन्हा सरळ उभं करतं ते तिचं वजन, आणि वजन लांबी-रुंदी-उंची तिन्हींनी घटतं, म्हणजे हजारपट. शिवाय ते वजन जितक्या खोलीवर लटकतं ती खोलीही दहापट कमी. म्हणजे सावरणारा जोर दहा हजारपट घटला. पाडणारा हजारपट कमी, सावरणारा दहा हजारपट कमी. नक्कल मूळ बोटीच्या दहापट डळमळीत निघाली.

बोट लहान करता येते, वारा लहान करता येत नाही, ही सगळी गंमत इथून सुरू होते. म्हणूनच वन मीटरच्या नियमांत पाण्याखालची खोली ४२ सेंटीमीटरपर्यंत जाऊ दिलेली आहे. एक मीटर लांबीच्या मानाने हे फारच खोल. समुद्रात फिरायला जाणारी दहा मीटरची साधी बोट पाण्याखाली दोन मीटरच्या आसपास असते. याच हिशेबाने ती सव्वाचार मीटर बुडायला हवी होती आणि मग कुठल्याच बंदरात शिरली नसती. मोठ्या बोटीत तळाचं शिसं एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे-मागे असतं, इथे ते साठ टक्क्यांच्या वर. विद्रूप म्हणावी अशी ही ठेवण आहे, पण पाण्यात उतरली की अर्धी बोट दिसतच नाही आणि वर उरतं ते अगदी देखणं.

वाऱ्याचा हिशेब आणखी चक्रावून टाकणारा आहे. लांबी दहापट घटली तर बोटीच्या दृष्टीने वेगांचं माप तिपटीहून थोडं जास्त बदलतं. दहाचं वर्गमूळ, ३.१६. तळ्यावर ताशी २० किलोमीटरचा वारा आहे, काठावरच्या माणसाची फक्त टोपी उडेल इतपत. पण त्या मीटरभर बोटीला तो दहा मीटरच्या बोटीला ताशी ६३ किलोमीटरचा वारा लागावा तसा लागतो. आपल्याकडे हवामान खातं ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ म्हणायला लागतं! काठावर शिळोप्याच्या गप्पा चालू आहेत आणि दहा पावलांवर बोट वादळातून चालली आहे.

मोठ्या बोटीवर वारा वाढला की शीड थोडं गुंडाळून घेतात. इथे बोटीवर कुणी नसल्यामुळे ते शक्य नाही. म्हणून प्रत्येकाकडे डोलकाठी आणि शिडांचे तीन संच असतात, ए, बी आणि सी. ए सगळ्यात उंच, दीड मीटरहून जास्त. वारा वाढला की बोट पाण्याबाहेर काढून अख्खी डोलकाठीच बदलायची. आणि कधी बदलायची हा दिवसाचा सगळ्यात मोठा जुगार असतो. ए लावून गेलेल्यांना मधेच झोत गाठतो आणि मग वाऱ्याबरोबर धावताना बोट नाक पाण्यात खुपसते, मागचा भाग हवेत उचलला जातो, सुकाणू पाण्याबाहेर येतं आणि काठावरच्या माणसाच्या हातात रिमोटची नुसती काडी उरते. तो ती काडी तरीही हलवत असतो.

वेगाचाही असाच एक हिशेब आहे. पाण्यावर चालणाऱ्या कुठल्याही बोटीभोवती एक लाट तयार होते. या लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी झाली की बोट आपणच केलेल्या खळग्यात अडकते आणि तिथून पुढचा वेग फार महाग पडतो. एक मीटर लांबीला ही मर्यादा सेकंदाला सव्वा मीटर येते, ताशी साडेचार किलोमीटर. म्हणजे माणसाची बऱ्यापैकी झपझप चाल! हा निव्वळ योगायोग. पण रेडिओ येण्याच्या आधीचा निदान अर्धशतकाचा खेळ या योगायोगावर उभा होता.

कारण तेव्हा बोटीला एकदा सोडलं की ती सुटली. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या राउंड पाँडवर १८७६ मध्ये मॉडेल यॉट सेलिंग असोसिएशन सुरू झाली, १९११ मध्ये ब्रिटनभरच्या क्लबांची संघटना झाली, आणि या सगळ्या काळात माणसं काठाने बोटीच्या बरोबरीने चालत. शर्यत दोन-दोन बोटींची. हातात लांब काठी. बोट काठाला आली की काठीने तिला फिरवायची, शिडांची दोरी नवीन कोनाला लावायची आणि पुन्हा सोडायची. समोरच्या काठावर जोडीदार तेच करणार. वाऱ्याच्या तोंडावर जाऊन जिंकलं तर तीन गुण, वाऱ्याबरोबर धावून जिंकलं तर दोन. अवघड दिशेला जास्त गुण, हा मला या खेळातला फार समजूतदार नियम वाटतो. मोठ्या वर्गांच्या बोटी दोन मीटरच्या घरात आणि म्हणून जास्त वेगवान असत. त्यांच्या मालकांना चालून भागत नसे, पळावं लागे.

मग मधल्या पाण्यात बोट सरळ कशी चाले? आधी शिडाच्या दोरीच्या ताणावर सुकाणू फिरवायची एक युक्ती होती. १९३०च्या दशकात नॉर्वेचे सॅम बर्गे इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या तळ्यावर वेगळीच वस्तू घेऊन आले. बोटीच्या मागच्या टोकावर एक हलकं उभं पातं, वातकुक्कुटासारखं मोकळं फिरणारं, आणि ते सुकाणूला जोडलेलं. पातं नेहमी वाऱ्याकडे बघतं. बोट वाट सोडून वळली की पातं आपल्या जागी राहतं, त्या दोघांतला कोन बदलतो आणि तेवढंच सुकाणू फिरतं. बोट परत वाटेवर. ना बॅटरी, ना माणूस. वाराच सुकाण्या.

खऱ्या समुद्रावर एकट्याने जाणाऱ्यांना याचीच गरज होती, कारण माणसाला झोपावं लागतं. १९६० मध्ये प्लिमथहून अटलांटिक एकट्याने ओलांडायची शर्यत निघाली तेव्हा पहिला आलेला फ्रान्सिस चिचेस्टर आणि दुसरा आलेला ब्लाँडी हॅसलर या दोघांच्याही बोटींवर वाऱ्यावर चालणारं सुकाणू होतं. चिचेस्टरने आपल्या पात्याचं नाव ठेवलं होतं मिरँडा. कल्पना तळ्यावरच्या बोटींची, फक्त आकार मोठा. आठ वर्षांनी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन जगप्रदक्षिणेला निघाला तो मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या सागवानी बोटीतून. त्याचं वाऱ्याचं सुकाणू वाटेतच मोडलं आणि पुढचा निम्म्याहून जास्त प्रवास त्याने शिडं नेमकी जुळवून, बोट आपोआप सरळ चालेल अशी बसवून केला. एप्रिल १९६९ मध्ये तो ३१२ दिवसांनी परतला. त्याच ‘सुहेली’च्या धर्तीवर पुढे गोव्यात ‘तुरीया’ बांधली गेली आणि २०१८ मध्ये अभिलाष टॉमी ती घेऊन गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले. त्या शर्यतीत विजेवर चालणारं स्वयंचलित सुकाणू चालत नाही. वाऱ्याचं पातं चालतं.

रेडिओची गोष्ट मात्र उलट्या बाजूने सुरू होते. दुरून, तारेशिवाय चालवलेल्या वाहनांत अगदी पहिल्यांपैकी एक बोटच होती. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक लोखंडी बोट सोडली आणि लोकांच्या डोळ्यांदेखत ती वळवून, तिचे दिवे लावून दाखवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला पेटंट मिळालं. शिडाच्या बोटींपर्यंत ही विद्या यायला पुढे अर्धशतक लागलं, कारण रेडिओच इतका जड होता की तो उचलताना बोट बुडायची.

आजच्या बोटीत दोनच गोष्टी काठावरून हलवता येतात. एका काडीने सुकाणू. दुसरीने एक छोटी विंच, जी दोन्ही शिडांची दोरी एकदमच घेते किंवा सोडते. बस्स. बोटीला पुढे ढकलणारी मोटर नाही. डोलकाठीचा बाक, शिडाचा पीळ, पुढच्या आणि मागच्या शिडामधली फट हे सगळं काठावरच, बोट पाण्यात घालण्याआधी, मिलिमीटरमध्ये ठरवायचं. पाण्याला लागून वारा मंद असतो आणि दीड मीटर वर जास्त. म्हणून शीड खाली एका कोनात आणि वर दुसऱ्या कोनात असावं लागतं. चांगला खेळाडू ओळखायचा तर शर्यतीत नव्हे, त्याआधीच्या अर्ध्या तासात. तो बोट आडवी धरून, एक डोळा मिटून, शिडाच्या काठाकडे बघत असतो आणि त्याच्याशी बोललेलं त्याला ऐकू येत नाही.

पूर्वी प्रत्येकाचा रेडिओ एका ठरावीक वारंवारितेवर चाले आणि दोघांची सारखी निघाली तर एकच बोट दोन मालकांचं ऐके. म्हणून क्लबात एक फळी असे, आपल्या वारंवारितेचा चिमटा तिथून घेतल्याशिवाय रिमोट सुरू करायचा नाही. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापली बोट ओळखतात, चिमटे गेले. एक अडचण नवी आली. या लहरी पाण्यात शिरताच शोषल्या जातात, त्यामुळे बोटीतली अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावी लागते. हवेत मात्र त्या शेकडो मीटर जातात. रेडिओ पुरतो, त्याआधी डोळे संपतात.

डोळ्यांचा प्रश्न खराच आहे. बोट तुमच्यापासून लांब जाते तेव्हा तुमचं उजवं तेच तिचं उजवं. वळून तुमच्याकडे यायला लागली की सगळं उलटं. नवखा माणूस इथे हमखास चुकतो आणि बोट थेट दुसऱ्याच्या कुशीत घालतो. सत्तर मीटरवरच्या बोयापासून आपली बोट एक लांबी दूर आहे की तीन, हे काठावरून कळत नाही, कारण डोळ्यांना दोन्ही एकाच रेषेत दिसतात. शिवाय वारा कळतो तो आपल्या गालावरचा, बोटीजवळचा नव्हे. म्हणून जाणते लोक बोटीकडे कमी आणि तिच्या पुढच्या पाण्याकडे जास्त बघतात. पाण्यावर काळपट सुरकुती सरकत आली की तो झोत, आणि तो कुठल्या बाजूने येतोय त्यावर बोट कधी वळवायची ते ठरतं. तळाच्या पात्याला शेवाळाचा एक धागा अडकला तरी वेग निम्म्यावर येतो. मग बोट वाऱ्याच्या तोंडाला उभी करून मागे-मागे वाहू द्यायची, धागा सुटला तर सुटला. नाहीतर काठाला आणायची आणि तोवरचं सगळं मुसळ केरात.

नियम मोठ्या बोटींचेच, रेडिओच्या बोटींसाठी त्यात एक स्वतंत्र परिशिष्ट आहे. उजवीकडून वारा घेणाऱ्या बोटीला वाट द्यायची, वाऱ्याच्या खालच्या बाजूच्या बोटीला वाट द्यायची. चूक झाली तर लगेच बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी घ्यायची. बहुतेक जण कुणी न सांगता घेतात. ध्वनिमुद्रित आवाजात उलटी मोजणी सुरू होते आणि शेवटच्या दहा सेकंदांत सुरुवातीच्या रेषेवर दादरच्या पुलावर सकाळी नऊला होते तशी चेंगराचेंगरी होते, फक्त इथे कुणालाच थांबता येत नाही. काठावर मालकही तसेच एकमेकांना खेटून, नजर न हलवता आडवे सरकत असतात. पाण्यात पडणारेही असतात.

मोठ्या स्पर्धांत साठ-सत्तर बोटी एकत्र सोडता येत नाहीत, म्हणून त्यांचे गट पाडतात. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. फेरी खालच्या गटापासून सुरू होते आणि त्या गटातले पहिले चार जण ताबडतोब वरच्या गटात, त्याच फेरीत पुन्हा उतरतात. तिथे पहिल्या चारात आले तर त्याच्याही वर. म्हणजे सकाळी सगळ्यात तळाच्या गटात असलेला माणूस एकाच फेरीत चढत चढत जगज्जेत्याच्या शेजारी रेषेवर येऊन उभा राहू शकतो, फक्त मधल्या वेळात बॅटरी बदलायला आणि बोटीतलं पाणी काढायला त्याला मिनिटं मिळतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून तळाच्या गटातले लोक खिशात एक भरलेली बॅटरी ठेवूनच उभे असतात.