शोधनिबंधावरील नाव आणि संदर्भ : संशोधक विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

अधिछात्रवृत्ती घेऊन जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात किंवा अन्यत्र पीएच.डी. करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी ही माहिती आहे.

संदर्भांची मोजणी कशी होते?
दुसऱ्या संशोधकाने आपला निबंध स्वतःच्या संदर्भसूचीत नोंदवला की आपल्या नावे एक संदर्भ जमा होतो. ही मोजणी बहुधा संगणकावर होते आणि लेखक मुख्यतः नावावरून ओळखला जातो.

अडचण कुठे येते?
मराठी नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते. एका निबंधावर ‘एस. आर. जाधव’, दुसऱ्यावर ‘सुनीता जाधव’ आणि लग्नानंतर ‘सुनीता शिंदे’ असे छापले गेले, तर एकाच व्यक्तीचे काम तीन लेखकांत विभागले जाऊ शकते. नोकरीचा अर्ज करताना ते सर्व आपलेच आहे, हे दाखवत बसावे लागते.

काय करावे?
• पहिल्या निबंधापासून नावाचे एकच रूप आणि एकच स्पेलिंग ठेवा.
• ‘ऑर्किड’ हा १६ अंकी लेखक क्रमांक घ्या. नाव बदलले तरी तो बदलत नाही. निबंध पाठवताना तो नोंदवा.
• दुसऱ्याचा मजकूर घेतल्यास संदर्भ द्याच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांच्या वर गेल्यास तो सुधारून द्यावा लागतो. ४० टक्क्यांच्या वर गेल्यास सुधारित प्रबंध एक वर्ष सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते.

लक्षात ठेवा : ऑर्किड क्रमांक मोफत मिळतो. तो काढून देण्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.