बटणामागचा डोंगर

मुंबई-पुण्याच्या तरुण आईबापांना कर्जत आणि खालापूर हे तालुके माहीत असतात ते शनिवार-रविवारपुरते. फार्महाउस, पोहण्याचा तलाव, खोपोलीजवळचं इमॅजिका, फार तर नेरळहून माथेरान. यातले कित्येक जण संगणकाच्या व्यवसायातले. घरात बाळ आलं की वर्षभरात त्याच्यासाठी पुस्तकांचं कपाट भरतं, कोणतं खेळणं घ्यावं यावर बारकाईने अभ्यास होतो, मुलाच्या हाती स्क्रीन कधी द्यायची यावर तावातावाने वाद होतात. मूल चौकस व्हावं ही त्यांची तळमळ खरी आहे. माझं म्हणणं असं की, त्या चौकसपणाला लागणारं खाद्य या दोन तालुक्यांत उघड्यावर पडलेलं आहे. शिवाय ते नीट पाहिलं तर तंत्रज्ञान आणि राजकारण हे दोन वेगळे विषय नाहीत, हे मुलाला शाळेत जायच्या वयातच उमगू शकतं. म्हणून इथली सहल रिसॉर्टच्या फाटकाच्या आत संपता कामा नये.

आधी वीज घेऊ. लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस मुळात पूर्वेला वाहून भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला मिळायचा. टाटांच्या कंपनीने वळवण, लोणावळा आणि शिरोता इथे धरणं बांधून तो अडवला, सह्याद्रीच्या कड्यावरून पोलादी नळांतून पश्चिमेला खोपोलीत उतरवला आणि १९१५ साली त्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. हे नळ डोंगराच्या अंगावरून सरळ खाली येताना दिसतात. पाण्याची उंची दर दहा मीटरने वाढली की दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. इथे पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली येतं, म्हणजे तळाशी पन्नासपटीच्या वर दाब. तिथे अरुंद तोटीतून सुटलेली धार पेल्टन चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळते, चाक गरगर फिरतं आणि त्याला जोडलेलं जनित्र वीज तयार करतं. कोळसा नाही, धूर नाही. पाऊस, उंची आणि लोखंड एवढंच. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरं केंद्र सुरू झालं, त्याला ठोकरवाडी धरणाचं पाणी.

वीज काढून झाली तरी पाणी तितकंच उरतं, आणि गोष्टीचा खरा रंजक भाग इथून पुढे आहे. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हास नदीत. या पाण्यावर खालच्या अंगाची शहरं आणि कारखाने चालतात. भिवपुरीच्याच पाण्यातला काही भाग राजनाल्याच्या कालव्याने शेतांना मिळतो, म्हणून ऐन एप्रिलमध्ये कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भाताची हिरवी खाचरं दिसतात. त्याच तालुक्यात, डोंगराच्या अंगाला असलेल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर त्याच महिन्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहिली जाते. भाताचं खाचर आणि टँकर एकाच दिवशी पाहिलेलं मूल विचारणारच: पाणी इथे आहे तर तिथे का नाही? पहिलं उत्तर भूगोलाचं आहे, की वाडी कालव्यापेक्षा उंचावर आहे आणि पाणी आपणहून चढत नाही. पण ते चढवायला पंप असतो, पंपाला वीज लागते, आणि वीज तर याच तालुक्यात तयार होते. मग उरतो तो प्रश्न पैसे कुणी घालायचे आणि कुणाच्या गरजेला आधी मान द्यायचा, हा. त्यालाच राजकारण म्हणतात. पक्षांची चिन्हं आणि दूरचित्रवाणीवरची भांडणं त्याच्या बरीच नंतर येतात.

हा प्रश्न आजचा नाही. पश्चिमेला वळवलेलं हे पाणी पूर्वेकडच्या दुष्काळी भागाला परत द्यावं ही मागणी अजून होत असते. रायगडातच भिरा इथल्या टाटांच्या तिसऱ्या केंद्रासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं तेव्हा जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी १९२१पासून सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी होते. धरण झालंच. राजेंद्र व्होरा यांनी त्या लढ्यावर पुस्तक लिहिलं आहे आणि ते आईबापांनी सहलीआधी वाचावं, कारण विकासाच्या नावाने आपण आज जे वाद घालतो त्यातले बहुतेक सगळे मुद्दे शंभर वर्षांपूर्वी तिथे मांडले गेले होते. दुसरी कथा याच मातीतली. माथेरानला जन्मलेले वकील भाई कोतवाल यांनी १९४२च्या लढ्यात आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. परक्या सरकारची नस कुठे आहे हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर ते आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. एकाच तारेकडे गिरणीमालक, शेतकरी आणि क्रांतिकारक किती वेगळ्या नजरेने पाहतात, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला महाराष्ट्रात दिसत नाही.

याच डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेचंही थोडक्यात सांगतो. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. काही ठिकाणी तो सदतीस फूट पुढे जाताना एक फूट चढतो, म्हणून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं जोडतात. प्रवासी वडापाव घेतात तेवढ्यात ते काम उरकतं. मुलाला डब्यात न बसवता फलाटाच्या शेवटच्या टोकाला नेलं तर ते दिसेल. उतरणाऱ्या गाडीला मंकी हिल आणि ठाकूरवाडीला थांबावं लागतं, कारण ब्रेक लागत नसलेली गाडी चढावरच्या आडमार्गावर जाऊन थांबावी अशी तिथे सोय आहे. घाट बांधला जात असताना एका टप्प्यावर चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. १८५९ साली कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट तडीस नेलं. तिचं नाव इतिहासात राहिलं, मजुरांची राहिली नाहीत.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, चार-पाच वर्षांच्या मुलाला यातलं काय कळणार? सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. त्या वयात नळ, चाक, इंजिन आणि भात दिसले तरी पुरे. कारणं दहाव्या वर्षी विचारली जातील, पण दिसलेलं असलं तरच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोवळ्या मनावर राजकारण लादू नये. मान्य, मत लादू नये. पण दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवून दाखवणं म्हणजे मत लादणं नव्हे. उलट फक्त धरणाची भव्यता दाखवून मुळशीबद्दल गप्प बसणं, किंवा फक्त विस्थापन सांगून गिरणी कामगाराच्या घरातला दिवा विसरणं, हे लादणं झालं. तिसरा आक्षेप थकलेल्या आईबापांचा, की सुट्टी विश्रांतीसाठी असते. त्यांना विश्रांती हवीच. राजनाल्याच्या बांधावर अर्धा तास बसल्याने ती कमी होत नाही. वीजकेंद्रं सुरक्षेमुळे सर्रास पाहता येत नाहीत, हीही अडचण खरी आहे. तरी नळ, नदी, कालवा आणि घाट पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

तंत्रज्ञानावर श्रद्धा असणाऱ्यांनी इथे आणखी एक गोष्ट विसरू नये. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ती वाडी नव्हती. वर जायला रस्ता नव्हता, बचाव पथकं पावसात पायी चढली, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उपयोगी पडलं नाही. उपग्रहाच्या चित्रांचा आणि नकाशांचा मला आदर आहे, आणि म्हणूनच सांगतो: यादी कोण करतं, कुठवर चालत जाऊन करतं आणि वाडीतल्या माणसांना विचारून करतं की नाही, यावर त्या यादीची किंमत ठरते. संगणकावर काम करणाऱ्या आईबापांना हे मुलाला समजावणं इतरांपेक्षा सोपं जाईल, आणि ते त्यांनी समजावलंच पाहिजे. ही गोष्ट मोठ्या मुलांची आहे. त्या जागेला पर्यटनस्थळ मात्र कुणी करू नये.

आता पुस्तकांविषयी. इंग्रजीत धरण, इंजिन आणि वीज यांवर मुलांसाठी देखणी पुस्तकं ढिगाने मिळतात, पण त्यांतले डोंगर परक्या देशांतले असतात. खोपोलीचे नळ, भिवपुरीचं पाणी, बोरघाटातली मागची इंजिनं, भाई कोतवालांनी पाडलेले मनोरे आणि वाडीवरचा टँकर, हे सगळं एकत्र असलेलं, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात देण्याजोगं, भरपूर चित्रांचं मराठी पुस्तक हवं आहे. त्यासाठी लागणारी माहिती उपलब्ध आहे, चित्रकार आपल्याकडे आहेत आणि चांगल्या पुस्तकाला पैसे मोजणारे आईबाप दर शनिवारी कर्जतच्या गाडीत बसलेले असतात. मराठी प्रकाशकांनी हे काम हाती घ्यावं.