बाईकवरचं चित्रीकरण: आधी माईक, मग कॅमेरा

सावनेरला नागपूरहून आलेला रस्ता दुभंगतो. एक फाटा सौंसर, रामाकोना करत सिल्लेवानी घाटातून छिंदवाड्याला जातो, दुसरा केळवदवरून पांढुर्ण्याला आणि पुढे बैतूलला. संत्र्याच्या बागा, कपाशीची वावरं, मग सातपुड्यातला सागवान. बाईकवर बसून हा पट्टा टिपावा असं इथल्या तरुण पोरांना वाटतं, ते रास्तच आहे. पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला. मध्य प्रदेशातला हा मराठी बोलणारा मुलूख इथल्याच लोकांनी, इथल्याच बोलीत दाखवावा असं मलाही मनापासून वाटतं. वाईट याचंच वाटतं की महिनोन्‌महिने साठवलेले पैसे चुकीच्या वस्तूवर खर्च होतात.

‘फोर-के कॅमेरा घेतला की काम झालं’ हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. फोर-केच्या चित्रात साधारण ८३ लाख ठिपके असतात, साध्या १०८० च्या चित्रात २१ लाख. फरक चौपट आहे खरा, पण मोबाईलच्या हातभर अंतरावरच्या पडद्यावर तो फारसा जाणवत नाही. त्यात स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर तेवढे ठिपके टिपतच नाही. कॅमेरा लहान चित्र ताणून मोठं करतो आणि खोक्यावर मात्र ‘फोर-के’ छापलेलं असतं. अशा कॅमेऱ्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना, वापरलेला कॅमेरा १०८० वर चालवलेला केव्हाही बरा. चित्र थोडं मऊ असलं तरी माणूस पाहतो. आवाज ऐकवत नसेल तर तो पुढे सरकतो.

म्हणून पैशांची पहिली वाटणी आवाजाची. कॅमेऱ्यातला माईक पुरेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी वारा काय करतो ते समजून घ्यावं. आपल्याला जी घरघर ऐकू येते ती बाहेर कुठे वाजत नसते. हवेचे भोवरे माईकच्या पातळ पडद्यावर आदळतात, पडदा ढकलला जातो आणि तो धक्काच आवाज म्हणून नोंदला जातो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे ४० च्या वेगाला ठीक वाटलेली सोय ८० ला कोलमडते. ‘घरी जाऊन एडिटिंगमध्ये काढू’ हेही खरं नाही. पंख्याची एकसारखी घूं-घूं सॉफ्टवेअर काढतं; वाऱ्याचे झटके मात्र सारखे कमीजास्त होतात आणि ते काढायला गेलं की बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. नवे ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर मोठा आवाज फाटू देत नाहीत, पण माईकचा पडदाच वाऱ्याने दाबला गेला असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही.

उपाय स्वस्त आहे. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा वायरचा कॉलर माईक घ्या आणि फुलफेस हेल्मेटच्या आत, हनुवटीच्या पट्टीवर, ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला बसवा. अगदी तोंडासमोर नको, नाहीतर प, फ, भ म्हणताना श्वास फुटतो. दाढीला किंवा गालाच्या गादीला घासायला नको. त्यावर स्पंज, स्पंजावर लहानशी केसाळ टोपी. वायर गादीखालून मागे काढून जॅकेटच्या आतून खिशात. खिशात फोन किंवा छोटा रेकॉर्डर. इथे एक बारकावा बऱ्याच जणांना अडवतो: फोनच्या माईकच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, रेकॉर्डरच्या पिनवर दोन. चुकीची पिन घातली तर रेकॉर्डिंग सुरू दिसतं, पण फोन स्वतःच्याच माईकवरून खिशाची खसखस टिपत बसतो. आवाजाची पातळी ‘ऑटो’वर सोडू नका, हाताने कमी ठेवा, मोठ्याने बोलल्यावर काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचला की पुरे. निघताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे वेगळा नोंदलेला आवाज चित्राशी जुळवता येतो.

ब्लूटूथ इंटरकॉम आहे, मग माईक कशाला, असंही विचारतात. तो बोलण्यासाठी छान आहे. मात्र हँड्सफ्री जोडणीत आवाज सेकंदाला ८ किंवा १६ हजार नमुन्यांवर येतो. ८ हजार नमुन्यांत ४ हजार हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही, आणि स, श यांची धार नेमकी तिथेच असते. म्हणून ते बोलणं फोनवरचं वाटतं.

इंजिनचा आवाज हवा असेल तर तो वेगळा घ्या. रेकॉर्डर फडक्यात गुंडाळून मागच्या बॅगेत, वाऱ्याच्या आडोशाला ठेवला की तुमच्या पाठीमागे त्याला शांतता मिळते आणि सायलेन्सर जवळ असतो.

आता हादरा. ‘स्टॅबिलायझेशन आहे, कुठेही लावा’ हे अर्धसत्य. गोप्रोने २०१८ मध्ये हीरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ आणलं, तेव्हापासून चालत्या गाडीवरची चित्रं खरोखर स्थिर झाली. पण संध्याकाळी प्रकाश उतरला की प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी राहते, तिच्यातच हालचाल फराटते आणि तो फराटा कुठलंही स्टॅबिलायझेशन पुसत नाही. हँडलवर इंजिनची बारीक थरथर असते. सेन्सर चित्र ओळी-ओळीने वाचतो, त्यामुळे रस्ता लवलवताना दिसतो. छातीवर किंवा हनुवटीवर कॅमेरा लावला तर ती थरथर आपलं शरीरच पिऊन टाकतं. फोन तर हँडलवर थेट लावूच नये: मोटरसायकलच्या इंजिनच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपलने स्वतः सप्टेंबर २०२१ मध्ये काढली होती.

फ्रेम रेट ६० ठेवला की चित्र आपोआप चांगलं, ही समजूतही सोडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बाजारातले कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सौंसरच्या बाजारातून रात्री जाताना २५ किंवा ५० फ्रेम ठेवा आणि अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर, नाहीतर दुकानांच्या पाट्या पडद्यावर मिचमिचतात.

मे महिन्यात इकडे पारा ४२ च्या वर सहज चढतो, तर गोप्रो आपल्या कॅमेऱ्यांसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगते. चालत्या गाडीवर वारा कॅमेऱ्याला थंड ठेवतो. जामसावळीच्या हनुमानाला थांबलात आणि कॅमेरा उन्हात चालूच राहिला तर बंद पडणार. बॅटरीला नावं ठेवण्याआधी थांबल्याबरोबर तो बंद करून सावलीत ठेवा. कार्डाचा हिशोबही आधी करा: १०० एमबीपीएसने तासाला ४५ जीबी भरतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. कार्डावर व्ही३० ही खूण असावी.

हेल्मेटला भोक पाडून कॅमेरा बसवणारे पाहिले की जीव कासावीस होतो. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय मार्काचंच हेल्मेट विकता येतं. भोक पाडलं की ज्या कवचाची चाचणी झाली ते कवच उरतच नाही. चिकटपट्टीचा माउंट घ्या, हनुवटीवर लावा आणि जोराचा धक्का बसल्यावर तो सुटेल असा असू द्या.

सगळं जमल्यावर लगेच सिल्लेवानी घाट गाठू नका. सौंसर ते रामाकोना एवढंच जा. माईक आधी ओठांच्या कोपऱ्याजवळ, मग गालाकडे, मग हनुवटीच्या मधोमध लावून ४०, ६० आणि ८० च्या वेगाला तेच वाक्य बोला, प्रत्येक वेळी माईक कुठे आहे तेही सांगा. घरी आल्यावर चित्र न बघता, नुसते इअरफोन लावून ऐका. जिथे प्रत्येक शब्द कळतो ती जागा हेल्मेटच्या आत पेनाने खूण करून ठेवा.