सावलीतल्या आल्याची सतराशे वर्षं

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस चेन शोउ या चिनी इतिहासकाराने जपानी बेटांवरच्या लोकांविषयी लिहून ठेवलं आहे. त्यात जाता जाता एक टोमणा आहे: यांच्याकडे आलं आहे, म्योगा आहे, पण त्यांनी जेवणाला चव आणायची असते हे काही यांना ठाऊक नाही. पुढे जपान्यांनी हा टोमणा पुरता खोटा पाडला.

म्योगा आल्याच्याच कुळातला, झाडांच्या ओलसर सावलीत वाढणारा. मात्र याचा कंद कोणी खात नाही. खायच्या त्या जमिनीलगत डोकं वर काढणाऱ्या जांभळट कळ्या. त्याही फूल उमलायच्या आत खुडायच्या, नाहीतर पोकळ आणि मऊ पडतात. बी क्वचितच धरतं, म्हणून गड्डे लावूनच वाण शतकानुशतकं पुढे आला.

एदो काळात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, वासेदा गावचा म्योगा नावाजलेला होता. शहर फुगलं तशी ती शेतं घरांखाली गेली. जवळच्याच म्योगादानी या भागाचं नाव तेवढं टिकलं. १९५४ मध्ये तिथे भुयारी रेल्वेचं स्थानकही झालं. २०१०च्या आसपास हौशी मंडळींनी वासेदातल्या जुन्या घरांची परसं धुंडाळली, तेव्हा तो वाण पुन्हा हाती लागला.

म्योगा खाल्ला की विसरायला होतं, हा समजही जुनाच. गौतम बुद्धांचा शिष्य चूळपंथक स्वतःचं नावसुद्धा विसरायचा आणि त्याच्या समाधीवर हे रोप उगवलं, अशी जपानी दंतकथा आहे. पाली परंपरेतला चूळपंथक मंदबुद्धी ठरला तरी शेवटी अर्हत होतो. हे रोप तिथे कुठेच नाही. राकुगो या जपानी विनोदी कथाकथनातल्या कथाकारांनी मात्र या समजाचं सोनं केलं. लोभी सरायवाल्या जोडप्याला वाटतं, पाहुणा पैशांची थैली विसरून जावा. म्हणून ते त्याला जेवणभर म्योगाच वाढतात. पाहुणा थैली आठवणीनं नेतो, विसरतो ते फक्त बिल द्यायचं!

स्वयंपाकघरात याला फार आटापिटा लागत नाही. कळी पातळ चिरून क्षणभर पाण्यात टाकायची, म्हणजे उग्रपणा उतरतो. मग गार तोफूवर, सोमेन शेवयांवर किंवा वरवर भाजलेल्या कात्सुओ माशावर पेरायची. लोणच्यात तर गंमतच होते. कळ्या उकळत्या पाण्यातून काढून गोडसर व्हिनेगरमध्ये टाकल्या की मळकट जांभळा रंग बघता बघता गुलाबी होतो. त्यातलं रंगद्रव्य आंबटाला तसं दाद देतं. तेंपुरा आणि मिसो सूपमध्येही तो जातो, पण माझ्या मते शिजवल्यावर निम्मा म्योगा हरवतो.

एकेकाळी उन्हाळ्यापासून शरदापर्यंतच मिळणारा हा म्योगा आता बारमाही झाला आहे. देशातला बहुतांश माल शिकोकू बेटावरच्या कोचीतल्या हरितगृहांतून येतो. त्यामुळे हिवाळ्यातही दुकानात तीन-तीन कळ्यांची पाकिटं दिसतात, आणि हंगामाची वाट पाहणारं गिऱ्हाईक कमी होत चाललं आहे.